लिंक आणि लिंकिंग

तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली. त्यातलं बरंचसं आता डोक्यातून गेलं आहे. जळालेल्या कपाशीचं एक प्रकरण मात्र जात नाही. त्यात कुणाचा जीव गेला नाही, वर्तमानपत्रात ते आतल्या पानावर चार ओळींत संपलं. तरी ते आठवलं की मी आजही स्वतःवर चिडतो, म्हणून लिहून टाकतो आहे. नाव कुणाचंच देणार नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. जुलैचा मध्य असेल. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. सोनाळ्याकडचा एक चाळिशीचा शेतकरी पोत्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला आणि ते त्यानं सरळ माझ्या टेबलावर ठेवलं. कपाशीची दोन रोपं होती. पानं पिवळी पडून गोळा झालेली, शेंडा करपलेला.

"सायेब, पाच एकर गेलं," तो म्हणाला.

"काय मारलं होतं?"

"तननाशक."

"कपाशीवर तणनाशक? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "बियानं तसलंच व्हतं. चोर बीटी."

शेतीशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. साधी बीटी कपाशी बोंडअळीला तोंड देते, तणनाशकाला नाही. चोर बीटी म्हणजे सरकारी परवानगी नसलेलं, चोरून विकलं जाणारं बियाणं. त्याच्या पिकावर तणनाशक मारलं तरी कपाशी उभी राहते आणि तण तेवढं मरतं. तण निंदायला बाया मिळेनाशा झाल्या, तसं लोक या बियाण्याच्या मागे लागले. या माणसाच्या पाकिटात मात्र साधंच बियाणं निघालं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं, पाठीवर पंप घेऊन, स्वतःचं पीक मारलं होतं.

"पाकीट घेतलं कुठून?"

"लिंकवर घेतलं, सायेब."

आता माझी चूक सांगतो. आमच्या भागात ज्याच्या घरी शेती आहे त्याला 'लिंकिंग' हा शब्द माहीत असतो. युरियाची टंचाई झाली की कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, दोन पोती हवी तर ही बाटलीही घ्यावी लागेल. नको असलेला माल हव्या असलेल्या मालाच्या गळ्यात बांधून खपवायचा, त्याला लिंकिंग म्हणतात. मी अकोल्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांबरोबर दुकानाच्या पायरीवर बसून हा शब्द मी शंभरदा ऐकला होता. कुणी मला तो समजावून सांगायची गरज नव्हती, आणि मी कुणाला विचारलंही नाही.

"खत कुठून घेता?" एवढंच मी विचारलं.

"चाचाच्या दुकानातून."

"तो लिंकिंग करतो?"

"सारेच करते, सायेब."

माझ्या दृष्टीनं तपास तिथेच संपला होता. मी गुन्हा दाखल करून घेतला, कृषी अधिकाऱ्यांना फोन केला आणि दुपारच्या आत चाचाच्या दुकानात पोचलो.

चाचा म्हणजे संग्रामपूरच्या बाजारातला साठीचा मुसलमान दुकानदार. बियाणं, खतं, औषधं विकायचा. हिंदू-मुसलमान सगळे त्याला चाचाच म्हणत. आम्ही गोदाम उलटंपालटं केलं. चोर बीटीचं एकही पाकीट मिळालं नाही. मला वाटलं, आधीच हलवलं असणार. पंचनामा केला, दुकानाला आणि गोदामाला सील लावलं आणि चाचाला जीपमध्ये बसवलं. बाजाराचा दिवस होता. लोक हातातल्या पिशव्या खाली ठेवून बघत होते.

दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं, असं चाललं. हात लावला नाही, पण परवाना रद्द करायची धमकी दिली, आवाज चढवला, बाकावर तासन्‌तास बसवून ठेवला. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"साहेब, लिंकिंग मी करतो. कंपनी माह्यावर करते, मी लोकाईवर करतो. ते लिहून घ्या, मी सही देतो. पण चोर बीटीले मी कधी हात नाही लावला. खुदा कसम."

जो माणूस छोटा गुन्हा पटकन कबूल करतो तो मोठा झाकत असतो, असा माझा ठोकताळा होता. चोरट्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा बरोबर निघाला होता. चाचाला मी त्याच मापानं मोजलं. चाचा लिंकिंग कबूल करत गेला आणि माझी खात्री वाढत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आणखी तीन तक्रारदार आले. एक तर थेट जळगाव जामोदकडचा. त्यानं चाचाचं दुकान उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्या ठाण्याची मोहरर, म्हणजे लिखापढी सांभाळणारी, एक पंचेचाळिशीची महिला हवालदार होती. तिच्या माहेरी कपाशीच होती. तिनं तिघांचे जबाब लिहून घेतले, पेन खाली ठेवलं आणि माझ्या केबिनमध्ये आली.

"सर, यातला एकही लिंकिंग म्हणत नाही. लिंक म्हणतात."

"फरक काय?"

"लिंक मोबाईलमध्ये असते, सर." तिनं जळगाव जामोदवाल्याला हाक मारली. "दादा, कुठून घेतलं ते साहेबाले दाखवा."

त्यानं खिशातून फोन काढला आणि एक पान उघडलं. मराठीतली वेबसाइट. कपाशीतलं तण कसं आवरायचं, यावर लांबलचक लेख. लेखाच्या शेवटी निळ्या अक्षरांत 'इथे मिळेल' असे दोन शब्द, आणि त्यांच्यावर ठळक ओळ: 'हे मी स्वतः वापरून पाहिलं आहे, डोळे झाकून घ्या.' त्यानं निळ्या शब्दांवर बोट ठेवलं. दुसरं पान उघडलं. त्यावर हिरव्यागार कपाशीचं चित्र, खाली मेलेलं तण, आणि पाकिटाची किंमत.

"ताईनं लिहेल हाय, सायेब," तो म्हणाला. "ताई खोटं नाही लिहीत."

मी सोनाळ्याच्या त्या पहिल्या तक्रारदाराला बोलावून घेतलं. त्याच्याही फोनमध्ये तेच पान निघालं. मी त्याच्यावर ओरडलो, "मग हे त्या दिवशी काऊन सांगितलं नाही?"

"सांगतलं ना, सायेब. लिंकवर घेतलं म्हनून सांगतलं."

बाहेर बाकावर चाचा बसला होता. त्याला मी सांगितलं की घरी जा, आज काम नाही. सील काढायचं मात्र राहिलं, कारण त्याला पंचनामा लागतो, पंच लागतात, आणि मला त्याच घटकेला त्या ताईला गाठायचं होतं.

ताई खामगावची निघाली. तिशीतली, कृषी पदवीधर, घरातल्या एका खोलीत बसून गेली चार वर्षं वेबसाइट चालवणारी. शेतकरी तिला 'कापूसवाली ताई' म्हणत. पोलीस दारात पाहून ती घाबरली नाही, तिला वाटलं जनजागृतीसाठी काही लिहून हवं असेल. मी तिला तो लेख उघडायला सांगितला.

"हा माझा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख," ती अभिमानानं म्हणाली. "तणनाशक वापरू नका असंच मी यात लिहिलंय. त्यापेक्षा तण उकरून काढायचा हाताचा डवरा बरा. एक माणूस दिवसात अर्धा एकर डवरतो. त्या डवऱ्याची लिंक खाली दिलीय."

"दाबा तिच्यावर."

तिनं दाबली. पान उघडलं. ती बघतच राहिली. मग तिनं मागे जाऊन पुन्हा दाबली, जणू दुसऱ्यांदा डवरा निघेल. तिसऱ्यांदा दाबायला गेलेला हात तिनं मागे घेतला.

हळूहळू उलगडा झाला तो असा. लेखात एखाद्या दुकानाची लिंक द्यायची, वाचकानं तिथून माल घेतला की दुकानदार लेखकाला दलाली देतो. हा राजरोस धंदा आहे, त्यात गैर काही नाही. डवऱ्याची ती ऑनलाइन दुकानदारी दीड वर्षापूर्वी बंद पडली होती. त्या दुकानाच्या वेबसाइटच्या पत्त्याची मुदत संपली, आणि कुणा भामट्यानं तो पत्ता विकत घेतला. ताईच्या लेखावर हजारो शेतकरी येतात हे त्यानं हेरलं असणार. त्यानं फक्त पाटी बदलली. लेख ताईचा, शब्द ताईचा, विश्वास ताईवरचा, आणि दुकान त्याचं.

"तुम्ही ज्याज्याच्या दारात लोकांना पाठवलंत त्याची यादी आहे?" मी विचारलं.

"यादी?"

"किती लिंक आहेत? कुठल्या लेखात? कुणाच्या? शेवटच्या कधी उघडून पाहिल्या?"

ती बोटांवर मोजायला लागली. दोनशे असतील, अडीचशे असतील. टाकली की विसरली. दलाली महिन्याला एकगठ्ठा यायची, कुठल्या लिंकची किती हे ती पाहत नसे. त्या लिंकवर दाबणारे वाढत होते आणि दीड वर्षात तिच्यातून छदामही आला नव्हता. हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर जून महिन्यातच तिला शंका आली असती.

"मला वाटलं डवरे कुणी घेत नसेल," ती म्हणाली आणि रडायला लागली.

आमच्याकडे हद्दीतल्या नामचीन गुन्हेगारांची वही असते. दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन पाहावं लागतं की माणूस तिथेच राहतो का, काय करतो. एकदा नाव लिहिलं आणि कपाटात ठेवलं तर ती वही रद्दीच्या लायकीची. मी तिला हे सांगितलं. त्या वेळी मला अजून कळलं नव्हतं की हे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही.

तिनं माझ्यासमोर लिंक काढली. पाच मिनिटंही लागली नाहीत. लेखाच्या माथ्यावर लाल अक्षरांत सूचना टाकली. मग स्वतःच म्हणाली, "पण ज्यांनी घेतलं ते आता परत कशाला वाचायला येतील?"

खरा प्रश्न तोच होता. पाकिटं घेतलेल्यांपैकी काहींनी फवारलं होतं, बाकीचे पावसाची उघडीप बघत होते. दोन-चार दिवसांत तेही पंप उचलणार होते. त्यांना अडवायला हवं होतं, आणि ते कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारलं. देवळातून सांगितलं, मशिदीतून सांगितलं, कोतवालांना गल्लोगल्ली फिरवलं. दिवसभरात एकही माणूस पुढे आला नाही. येणार कसा? चोर बीटी बाळगणाऱ्यावर कडक कारवाई होईल, हे जून महिन्यात त्याच भोंग्यांवरून मीच पुकारलं होतं. शेतकऱ्यावर गुन्हा लावणार नाही असं आता म्हणालो तर ते कोण खरं मानणार! बाजाराच्या दिवशी चाचाचं मी काय केलं ते साऱ्या तालुक्यानं पाहिलं होतं.

शेवटी मोहररच म्हणाली, "सर, हे लोक तुम्हाला सांगणार नाहीत. चाचाले सांगतीन."

मी चाचाच्या घरी गेलो. वर्दी उतरवून गेलो, तेवढी अक्कल आली होती. त्यानं बसायला खुर्ची दिली, आतून चहा मागवला. मी माफी मागितली. मग मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, तणनाशक नेणारे कोण असतील काही अंदाज आहे का?

"अंदाज कायले, साहेब?" चाचा म्हणाला. "माह्याकडं तननाशक मागाले कोनी आला का मी पयले विचारतो, कोन्त्या पिकावर मारतो बे? कपाशीवर म्हनला का देतच नाही. त्याले बसवतो, पाकीट आनाले लावतो. औंदा असे पाच-सात वापस धाडले. पन या तीन दिवसात कोन कोन येऊन गेलं, मले कसं मालूम? दुकानाले तर सील हाय."

चहा समोर आला होता. तो तसाच ठेवून मी उठलो.

अर्ध्या तासात पंच जमवून सील काढलं. चाचानं दुकान उघडलं नाही. तो त्याच्या जुन्या मोटारसायकलवर बसला, मागे माझा एक साध्या कपड्यातला शिपाई. दोन दिवस दोघं गावोगाव फिरले. चाचा पारावर बसायचा, तंबाखू मळायचा, दोन इकडच्या तिकडच्या गोष्टी करायचा आणि मग सांगायचा की फवारू नका, पाकीट खोटं आहे, पोलीस काही करत नाहीत, मी जबान देतो. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. किती वावरं वाचली ते नक्की सांगता येत नाही, कारण वाचलेल्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही की पाकीट घेतलं होतं. जळालेली तेवढी मोजता आली. माझ्या हद्दीत एकोणीस.

भामट्याचा माग आम्ही काढला तेवढा काढला. बँक खातं परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर निघालं. त्यानं ते कुणाला तरी वापरायला दिलं होतं, कुणाला ते त्यालाही नीट सांगता येईना. वेबसाइट दोन दिवसांत बंद झाली, पुढच्या हंगामात दुसऱ्या नावानं उघडली असेल. अखेर 'अ' समरी पाठवावी लागली. म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही.

ताईला मी साक्षीदार केलं, आरोपी नाही. काही वरिष्ठांना ते पटलं नाही. महिनाभरानं ती ठाण्यात आली ती हातात एक जाड वही घेऊन. संगणकावर होतंच, पण मला दाखवायला तिनं हातानं लिहून आणलं होतं. प्रत्येक लिंक कुठल्या लेखात आहे, कुठे नेते, पलीकडचा माणूस कोण, त्याच्याशी फोनवर कधी बोलणं झालं, शेवटची कधी उघडली. मृगाच्या आधी एकदा आणि रब्बीच्या आधी एकदा सगळ्या स्वतः दाबून पाहायच्या. कंपनी बंद पडल्याची कुणकुण लागली की त्याच दिवशी लिंक काढायची. सगळ्या लिंक तिनं एका जागेवरून फिरवल्या होत्या, म्हणजे तिथे एक बदल केला की जिथे जिथे ती लिंक असेल तिथे बदलते. अर्ध्याहून जास्त तिनं काढूनच टाकल्या होत्या. आणि उरलेल्या प्रत्येकीखाली आता स्पष्ट लिहिलं होतं, 'तुम्ही इथून घेतलंत तर मला दलाली मिळते.' ते वाचून काही शेतकऱ्यांनी तिला शिव्या घातल्या, की म्हणजे तू आजवर आम्हाला विकतच होतीस. तिनं त्या ऐकून घेतल्या.

वही पाहून मी तिला शाबासकी दिली नाही. 'डोळे झाकून घ्या' ही ओळ काढली का, एवढं विचारलं. ती म्हणाली, सर, ती सगळ्यात आधी काढली.

पण मला सांगायचं आहे ते एकोणिसाव्या तक्रारीबद्दल. चाचा गावोगाव फिरत होता त्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई ठाण्यात आली. पन्नाशीची, तीन एकरांची मालकीण, स्वतः राबणारी. फवारणी होऊन तीन दिवस झाले होते आणि पानं पिवळी पडायला लागली होती. कपाशी पुन्हा पेरायची वेळ निघून गेली होती. ती रडली नाही की भांडली नाही. मोहरर जबाब लिहीत होती, मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

"तणनाशक कोणाकडून घेतलं?"

"खामगावहून आनलं. पयले चाचाकडं गेल्ती."

"मग? चाचानं नाही म्हटलं?"

"चाचा कुठं भेटला, बाई. दुकान बंद व्हतं. पोलिसाईचं सील लागेल व्हतं त्याच्यावर. मी म्हंतलं चाचाले पाकीट दाखवतो एकडाव, मंगच मारतो. अर्धा घंटा बसली पायरीवर. मंग चाल्ली गेली खामगावले."

मोहररचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. जबाबात काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे ठाण्यात रोज ठरतं. बाईला वाचता येत नव्हतं. ते वाक्य गाळलं असतं तर तिला कधी कळलं नसतं, आणि कोर्टाला ते नसल्यानं काही फरक पडला नसता.

"सर, हे घेऊ?" मोहररनं विचारलं.

"घ्या. ती म्हणते तसंच घ्या."

ताईनं एक जुनी लिंक उघडून पाहिली नाही, आणि मी एक जुना शब्द उघडून पाहिला नाही. तिच्याकडे निदान अज्ञानाचं कारण होतं. माझ्यासमोर तर माणूस उभा होता, खिशात फोन घेऊन, आणि "म्हणजे काय?" असे दोन शब्द विचारायला मला कमीपणा वाटला. पुढे प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांना शिकवायची वेळ आली तेव्हा मी त्यांना हेच सांगत आलो: जो शब्द तुम्हाला पक्का माहीत आहे असं वाटतं, तोच तक्रारदाराला पुन्हा विचारा.

जबाब पूर्ण झाला. नियमाप्रमाणे तो बाईला वाचून दाखवायचा होता. मोहरर वाचायला लागली तेव्हा मी तिच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला. सीलच्या वाक्याशी मी थांबलो. बाईला वाटलं मला अक्षर लागत नाही. ती माझ्या मदतीला आली.

"पोलिसाईचं सील लागेल व्हतं," ती सावकाश, समजावून सांगावं तसं म्हणाली. "असं लिहा, सायेब."

मी म्हणालो, लिहिलं आहे. मग तिनं अंगठा उठवला.